आमची वाटचाल : गवळाऊचं तूप, कारंजा (घाडगे)

गवळाऊ ही आमच्या विदर्भातली देशी गाय दिवसाला दोन-तीन लिटर दूध देते, त्यातही आधी वासराचा वाटा. रईनं घुसळून लोणी काढायचं तर किलोभर तुपाला पंचवीस-तीस लिटर दूध जातं. हा हिशेब ज्याला ठाऊक आहे, तो आमच्याशी भावाची घासाघीस करत नाही.

नागपूरच्या एका व्यापाऱ्यानं निम्म्या भावात तूप आणलं. बरणीवर पांढरीशुभ्र, निमुळत्या तोंडाची गवळाऊ. आत संकरित गाईंच्या दुधाचं मशीनवर काढलेलं तूप. दुकानदारांनी आमचे डबे परत पाठवले. ऐन दिवाळीत कोठी भरलेली, गवळ्यांचे पैसे थकलेले. ज्या नंदगवळी घरांनी आमच्या शब्दावर कालवडी राखल्या, त्यांच्या अंगणात दलाल येऊन बसू लागले. आधीच 2014 च्या बंदीनं शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, थांबले होते, गोऱ्ह्यांना कोणी विचारत नव्हतं. त्यात दुधाचाही आधार गेला तर गवळ्यानं ही जात राखावी कशाला? त्या व्यापाऱ्याचा धंदा आजही त्याच चित्रावर चालतो. आमचा राग गेलेला नाही.

तेव्हा उभ्या राहिल्या वर्ध्याच्या एक निवृत्त बाई. तूप आलं की कणी तळहातावर चोळून वास घेणार, मगच डबा आत नेणार. त्यांनी वर्षभराचे पैसे आगाऊ दिले आणि भजनी मंडळातल्या घराघरांत आमचे डबे पोचवले. "गाई विकू देऊ नका, तूप आम्ही संपवतो," एवढंच म्हणाल्या. गवळ्यांची बाकी त्या पैशांतून फिटली.

आमची रई सागाची, दोरी अंबाडीची, पातेलं कल्हईचं पितळी. लोणी बाभळीच्या निखाऱ्यावर कढतं. बेरी तांबूस झाली, तडतड थांबली की नागवेलीचं पान टाकून लगेच उतरवायचं. इथे घाई केली तर तूप टिकत नाही, उशीर केला तर करपट वास लागतो.

2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींना परवानगी देणारा कायदा कायम ठेवला आणि गोऱ्ह्यांना पुन्हा गिऱ्हाईक आलं. पण गवळ्यांनो, नुसत्या गाई राखून भागत नाही. जास्त दुधाच्या लोभानं गवळाऊला जर्सीचं रेतन करू नका. आपल्याच तालुक्यात हेटीकुंडीला गवळाऊचं सरकारी पैदास केंद्र आहे, तिथे चौकशी करा. आणि तूप घेणाऱ्यांनी गाईचा फोटो बघण्याआधी वळू कुठला ते विचारावं. आमच्याकडे विचारलंत तर गोठ्यात नेऊन दाखवू.