शून्य नाकतोडे

"यात बघायचं काय?" बसमधून उतरल्या उतरल्या एका मुलाने विचारलं.

हा प्रश्न मला नवा नाही. मी सोलापूरकडच्या माळावर वाढले, आणि आमच्याकडेही माळ म्हणजे पडीक जमीन, ढोरं सोडायची जागा. नवऱ्याच्या नोकरीमुळे अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या मॅनहॅटन गावी आलो, पहिल्याच महिन्यात कोंझा प्रेअरी पाहिली आणि वाटलं, सातासमुद्रापार येऊन परत माळच! फरक एवढाच की सप्टेंबरात इथलं गवत माझ्या डोक्यावरून जातं.

कोंझा हे गवताळ रानाचं संशोधन केंद्र आहे, सुमारे ३,५०० हेक्टरांचं. इथल्या चुनखडीत चकमकीचे दगड ठासून भरलेत, त्यात नांगर चालत नाही, म्हणून हे रान वाचलं. उत्तर अमेरिकेतलं बाकीचं उंच गवत मका-सोयाबीनखाली गेलं. जेमतेम ४ टक्के उरलंय. १९८० पासून इथे सलग नोंदी चालू आहेत. शाळकरी पोरांसाठीचा कार्यक्रम मात्र १९९६ मध्ये सुरू झाला. प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक मुलांना रानात नेतात, त्यांना इथे 'डोसंट' म्हणतात. मी त्यातलीच एक. आईला फोनवर हे समजावलं तर म्हणाली, "म्हणजे गुराखीच की गं!"

या कार्यक्रमातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे तो नुसत्या सहलीवर थांबला नाही. मुलं शास्त्रज्ञांसारखी मोजणी करतात. रान पाणलोटांत वाटलेलं आहे आणि प्रत्येकाला पाटी आहे. '१डी' म्हणजे तिथे दरवर्षी मुद्दाम आग लावतात, '२०बी' म्हणजे वीस वर्षांतून एकदा. आधी 'एन' असेल तर तिथे बायसन चरतात. (बायसन म्हणजे इथला केसाळ रानबैल, आपला गवा नव्हे, हे मी भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगते.) आग आणि चरणं यांनी रान कसं बदलतं, हे नाकतोडे मोजूनही कळतं.

त्या दिवशी सहावीची आठ मुलं माझ्या वाट्याला आली. सकाळ गार होती, गवतावर दव. प्रत्येकाच्या हातात कापडी जाळी. गवतातून ठरलेल्या संख्येइतके फटकारे मारायचे, जाळीतलं सगळं पारदर्शक पिशवीत ओतायचं, मोजायचं, सोडून द्यायचं. सगळ्यांनी मन लावून फटकारे मारले. पिशव्यांत गवताचं बी, दोन कोळी, ओल्या काड्या. नाकतोडा एकही नाही.

"शून्य लिहू?" मघाचाच मुलगा.

शिक्षिका हसत म्हणाल्या, "अजून एकदा मारून बघा, काहीतरी सापडेलच." खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच होतं. पोरं एवढ्या लांबून आलेली, हिरमुसून परत कशाला पाठवायची? पण फटकारे वाढवले की तुलना बिघडते, हे सकाळी मीच त्यांना बजावलं होतं. "लिही," म्हटलं. त्याने शून्य लिहिलं आणि खाली रेघ मारली.

मग आम्ही गवत बघत बसलो. बिग ब्लूस्टेम या इथल्या उंच गवताच्या तुऱ्याला बहुधा तीन फाटे असतात, म्हणून इथले लोक त्याला 'टर्कीचा पाय' म्हणतात. मुलांनी तो शोधून शोधून तोडला. मुळं दोन-अडीच मीटर खोल जातात म्हटल्यावर एकजण जमिनीवर आडवा झाला आणि बाकीच्यांनी त्याच्या उंचीवरून हिशेब केला.

दुपारचे डबे खाऊन झाले. ऊन तापलं होतं. बसकडे जायच्या वाटेवरच सकाळची जागा लागत होती, आणि तो मुलगा तिथे हटून बसला: परत मोजायचं. तीच जागा, तेवढेच फटकारे. पिशवी तडतडायला लागली. सव्वीस.

"मग सकाळचं शून्य चुकीचं होतं?" तो खट्टू झाला.

त्याच्या शेजारची मुलगी, जी दिवसभर जेमतेम चार शब्द बोलली होती, म्हणाली, "चुकीचं नाही. गार होतं."

नाकतोड्याचं अंग बाहेरच्या उन्हावर तापतं. गारठ्यात तो गवताच्या बुडाशी गप्प बसतो. हे मला माहीत होतं. पण तिने कागद माझ्यापुढे धरून वेळेच्या रकान्यावर बोट ठेवलं. रकाना कोरा होता. तो मीच भरायचा असतो. गट नेहमी दहाच्या सुमाराला येतात, काय लिहायचं रोज, म्हणून मी सोडून देत आले होते. तिने दोन्ही वेळा विचारून घेतल्या आणि स्वतःच्या अक्षरात लिहिल्या: ९:४०, १:१५.

बसच्या पायरीवर बसून तो मुलगा मोज्यांतलं कुसळ उपटत होता. एकेक बी मुठीत जमवून विचारलं, "ही आगीवाल्या भागातली की बिनआगीवाल्या?" सांगता येणार नाही म्हटलं, तर वैतागला.

संध्याकाळी माझ्या मागच्या दोन हंगामांच्या प्रती काढल्या. बहुतेकांवर वेळ नाही. अंदाजाने 'दहा' टाकायला हात शिवशिवत होता. टाकलं नाही. कोणकोणत्या नोंदींवर वेळ नाही, त्याची यादी करून समन्वयकांना पाठवली.