दंड ४९० डॉलर, जमा शून्य

२०२२ च्या नोव्हेंबरमधील एका मंगळवारी पहाटे साडेपाच वाजता मी ऑकलंडच्या दक्षिणेला, आंतरराज्य महामार्ग ८८० वर, कॅलिफोर्निया हायवे पेट्रोलच्या गाडीत एका अधिकाऱ्याशेजारी बसले होते, आणि तेथे मला माझ्याच एका चुकीने आणून बसवले होते. एक्सप्रेस लेन चालवणाऱ्या एका सार्वजनिक संस्थेच्या वित्त विभागात रुजू होऊन मला जेमतेम चार महिने झाले होते. पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकाचा कच्चा मसुदा करताना मी जमेच्या बाजूला 'कारपूल नियमभंगाचा दंड' (म्हणजे जास्त माणसे असलेल्या गाड्यांच्या लेनमध्ये कमी माणसांनिशी शिरल्याबद्दलचा) असे एक नवे लेखाशीर्ष घातले आणि त्यापुढे बऱ्यापैकी मोठी रक्कम लिहिली. माझा हिशेब सरळ होता. रस्त्यावर जागोजागी 'किमान दंड ४९० डॉलर' असे फलक आहेत, पोलिसांच्या गस्तीचे तास आमच्या पैशातून विकत घेतले जातात, तेव्हा दंडही आमच्याकडेच येत असणार. माझ्या वरिष्ठ बाई निवृत्तीला आलेल्या होत्या. त्यांनी त्या रकमेभोवती पेन्सिलीने एक वर्तुळ काढले, चूक काय ते सांगितले नाही, आणि एवढेच म्हणाल्या की एक पाळी गाडीत बसून ये आणि स्वतः मोजून आण.

लेनची रचना थोडक्यात सांगते, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. या महामार्गावरील सर्वांत डावीकडची कारपूल लेन ऑक्टोबर २०२० मध्ये एक्सप्रेस लेन झाली. गाडीत तीन किंवा अधिक माणसे असतील तर टोल माफ, दोघे असतील तर अर्धा, एकट्याला पूर्ण. सोमवार ते शुक्रवार, पहाटे पाच ते रात्री आठ. टोलचा दर गर्दीप्रमाणे वरखाली होतो. मात्र गाडीत किती माणसे आहेत हे यंत्राला समजत नाही, ते चालकाने स्वतःच सांगायचे असते. काचेवर लावलेल्या फास्टट्रॅक फ्लेक्स नावाच्या टॅगवर १, २, ३ असे आकडे आणि एक सरकती कळ असते. कळ ज्या आकड्यावर असेल तितकी माणसे आत आहेत असे रस्त्यावरच्या कमानीवरचे यंत्र मानून चालते. टॅग नसलेल्या गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो निघतो आणि नोटीस घरपोच जाते, म्हणजे टोल न भरणारा सापडतोच. पण कळ ३ वर ठेवून एकटाच जाणारा चालक यंत्राच्या लेखी अगदी सज्जन असतो. त्याला पकडायला अजून माणसाचेच डोळे लागतात, आणि त्या डोळ्यांचे तासाचे भाडे शंभर डॉलरच्या वर जाते.

अधिकाऱ्याची ही नेहमीची पाळी नव्हती. आमच्या करारातले हे जादा तास होते. त्याने सुरुवातीलाच मला काम समजावून सांगितले. कमानीवरच्या दिव्यावरून कळ कोठे आहे ते कळते, आत डोकी किती ते आपण पाहायचे, आणि दोन्हींचा मेळ बसला नाही तर गाडी थांबवायची. ऐकायला सोपे वाटले. प्रत्यक्षात सूर्योदयाला अजून तासभर होता, समोरून हेडलाइटचा लोंढा येत होता, निम्म्या गाड्यांच्या मागच्या काचा काळ्या होत्या, आणि ताशी साठ-पासष्ट मैलांनी जाणाऱ्या गाडीत मागच्या आसनावर कोणी आहे की नुसताच कोट लटकतो आहे, हे ठरवायला एखादा सेकंद मिळत होता. मधल्या रिकाम्या क्षणी माझ्या मनात आले की आमच्याही गाडीत दोघेच आहेत, म्हणजे एरवी अर्धा टोल लागला असता. मी तसे बोलून दाखवले, तर त्याने कर्तव्यावरच्या गाडीला सूट असल्याचे अत्यंत गंभीरपणे सांगितले. विनोद नीट पोहोचला नव्हता.

पहिलीच गाडी थांबवली ती चुकीची निघाली. टॅग २ वर, पुढे एकटी बाई. पाच लेन ओलांडून उजव्या कडेला गाडी घेईपर्यंत दीड-दोन मिनिटे गेली, अधिकारी बॅटरी घेऊन मागच्या काचेपाशी गेला, आणि आत पाठमोऱ्या लावलेल्या शिशुआसनात चार-पाच महिन्यांचे बाळ गाढ झोपलेले दिसले. कॅलिफोर्नियात स्वतंत्र आसनावर बसलेले तान्हे मूलही एक माणूस धरले जाते (पोटातले धरले जात नाही). त्याने दिलगिरी व्यक्त केली आणि बाई निघून गेली. सात-आठ मिनिटे गेली. चलन नाही, पावती नाही, कोणत्याही नोंदवहीत काही नाही. आमच्या बिलात मात्र ती मिनिटे लागू झालीच.

त्याच वेळी मला दुसरी एक गोष्ट दिसली, जी कार्यालयात बसून कधीच दिसली नसती. आमच्या गाडीचे लाल-निळे दिवे लागताच डावीकडच्या लेनमधील प्रत्येक चालक ब्रेकवर पाय ठेवत होता, अगदी ज्यांनी काहीही केले नव्हते तेसुद्धा. मागे नजर जाईल तिथपर्यंत तांबड्या दिव्यांची रांग लागली. आता केंद्राच्या कायद्याप्रमाणे अशा लेनमध्ये, कामाच्या दिवशी गर्दीच्या वेळात, १८० दिवसांच्या कालावधीतील किमान ९० टक्के वेळ सरासरी वेग ताशी ४५ मैल राहिला पाहिजे, नाहीतर लेन 'ढासळलेली' समजली जाते आणि राज्याला सुधारणेचे उपाय करावे लागतात. वेग टिकवण्यासाठी घुसखोर काढायचे, आणि घुसखोर काढताना वेग मोडायचा, असा हा प्रकार. त्या खोळंब्याची किंमत कोणत्या लेखाशीर्षाखाली धरायची हे मला आजही ठरवता आलेले नाही.

साडेसहाच्या सुमारास थांबवलेला एक पिकअप ट्रक मात्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. टॅग ३ वर, आत एकटा माणूस. पन्नाशीचा असावा, बाह्यांवर प्लास्टरची पांढरी भुकटी, शेजारच्या आसनावर पत्रे कापायची कात्री आणि जेवणाचा डबा. फ्रीमाँटला एका बांधकामावर निघाला होता. अधिकाऱ्याने विचारताच त्याने काचेवरचा टॅग काढून हातात घेतला आणि त्याकडे पाहतच राहिला. रविवारी मुलींना घेऊन गेलो होतो, तेव्हापासून कळ तशीच राहिली, असे तो म्हणाला. खरे असेल, नसेलही. रविवारी या लेनवर टोल नसतो, तेव्हा कळ सरकवायचे कारण नव्हते, पण हे सर्वांनाच ठाऊक असते असे नाही. मला दिसली ती ती कळ. तिच्या कडेला बोटांचा मळ बसून काळी रेघ तयार झाली होती, म्हणजे ती सरकवली तर जात होती, फक्त कोणत्या दिशेने आणि कधी, एवढाच प्रश्न होता.

त्या वेळी फलकावर त्याच्या टप्प्याचा टोल चार डॉलरच्या आसपास होता. अधिकाऱ्याने चलन लिहिले, पण ते गाडीतील माणसांच्या संख्येबद्दलचे. गाडी दुहेरी रेषा ओलांडून आत शिरली होती, ते कलम लावले असते तर परवान्यावर नियमभंगाचा एक गुण चढला असता आणि विम्याचा हप्ता वाढला असता. संख्येच्या कलमाला गुण नाही. परत येऊन बसल्यावर तो म्हणाला की चार डॉलरसाठी एवढे पुरे आहे.

नऊ वाजता पाळी संपली तेव्हा माझ्या वहीत नऊ थांबे, सात चलने आणि दोन नुसत्या सुटका होत्या. सात गुणिले ४९० म्हणजे ३,४३० डॉलर. गस्तीचा खर्च साडेतीन तासांचा, तोही ढोबळमानाने चारशे डॉलरच्या घरातला. मी जवळजवळ विजयी मुद्रेनेच वरिष्ठांच्या टेबलापाशी गेले. एका सकाळीत आठपट!

त्यांनी वही वाचली, एक कोरा कागद घेतला आणि वर '४९०' लिहून खाली उतरंड मांडायला सुरुवात केली. पहिल्या गुन्ह्याचा मूळ दंड फक्त १०० डॉलर. त्यावर प्रत्येक दहा डॉलरमागे २९ डॉलर अधिभार: दहा राज्याच्या दंड-अधिभाराचे, त्यातही सत्तर टक्के राज्याला आणि तीस टक्के काउंटीला, सात काउंटीचे, पाच न्यायालयांच्या इमारतींसाठी, पाच डीएनए नोंदींच्या निधीसाठी, दोन तातडीच्या वैद्यकीय सेवेसाठी. हे झाले २९०. मूळ दंडाच्या वीस टक्के राज्य अधिभार, म्हणजे २०. न्यायालयाच्या कामकाजाचे ४०, दोषसिद्धीचे ३५. उरलेल्या पाचांत चार हवाई रुग्णवाहिकेचे आणि एक रात्रीच्या न्यायालयाचा. बेरीज बरोबर ४९०. मग त्यांनी पेन्सिल माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, यात आपण कोठे आहोत ते दाखव.

आम्ही कोठेच नव्हतो. त्या ट्रकवाल्याच्या दंडातून कुठल्या तरी न्यायालयाचे छप्पर दुरुस्त होणार होते, एखाद्या अपघातग्रस्ताला हेलिकॉप्टर मिळणार होते, पण ज्या संस्थेने अधिकाऱ्याच्या तासांचे पैसे मोजले तिच्या खात्यात त्यातले काही येणार नव्हते. आणि ३,४३० ही रक्कम तरी खरी कोठे होती? चालक खटल्याची लेखी कैफियत पाठवू शकतो, मग अधिकाऱ्यालाही आपले म्हणणे लिहून द्यावे लागते. तो न्यायालयात उभा राहिला तर अधिकाऱ्यालाही तेथे जावे लागते, आणि तो वेळही कोणाच्या तरी पगारातला असतो. ऐपत नसेल तर दंड कमी करून मागता येतो, हप्ते मिळतात, पैशांऐवजी समाजसेवाही घेता येते. मुदतीत भरला नाही तर वर शंभर डॉलरपर्यंत आणखी चढतात, पण ज्याला ४९० जड गेले तो ५९० कोठून आणणार? फलकावरची रक्कम ही धाक घालण्यासाठी लिहिलेली असते, आणि मी ती उधारीच्या वहीतली येणे रक्कम समजून बसले होते.

त्या रात्री घरी फोन केला. येथे रात्रीचे नऊ म्हणजे साताऱ्यात सकाळचे साडेदहा. बाबांचा चहा आणि पेपर झालेला असतो. बाबा एसटीच्या लेखा शाखेतून निवृत्त झाले आहेत. मी सगळी हकिगत सांगितली. ते हसले, आणि म्हणाले, "अगं, आमच्याकडे मार्ग तपासणी पथकाचा खर्च विनातिकीट दंडातून निघतो का, असं कोणी विचारलं असतं तर साहेबांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं असतं. पथक मार्गावर आहे अशी कुणकुण लागली की लोक स्वतःहून तिकीट मागून घेतात. तो पैसा तिकिटाच्या भरण्यात दिसतो, दंडाच्या पावतीपुस्तकात नाही." मग त्यांनी विचारले, "तुमच्याकडे भरणा वाढतो का त्या दिवशी?"

हा प्रश्न माझ्या वरिष्ठांच्या कागदापेक्षाही अवघड होता. पुढील काही आठवडे मी गस्तीच्या दिवशी आणि इतर दिवशी कळ ३ वर असलेल्या फेऱ्यांचे प्रमाण तासागणिक ताडून पाहिले. गस्तीच्या सकाळी ते प्रमाण थोडे खाली येत होते आणि पूर्ण टोल भरणारे थोडे वाढत होते; पण पाऊस, सुट्ट्या, पुढे झालेला एखादा अपघात, सगळेच त्यात मिसळलेले. फरक गस्तीमुळेच पडला असे शपथेवर सांगण्याइतका तो स्वच्छ नव्हता. शिवाय त्यात एक खोच अशी की आमची गस्त पूर्ण यशस्वी झाली, सगळे एकटे चालक प्रामाणिकपणे कळ १ वर आणू लागले, तर चलन एकही फाटणार नाही, आणि कागदावर गस्त म्हणजे निव्वळ उधळपट्टी दिसेल. राज्याच्या वाहतूक विभागाच्या मार्गदर्शक सूचनांत नियमभंगाचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आत असावे असे म्हटले आहे. त्या दहा टक्क्यांपर्यंत उतरायला किती तास विकत घ्यावे लागतात, आणि तेथून पाच टक्क्यांवर यायला किती, हा हिशेब दंडाच्या रकमेला हात न लावताच करावा लागतो.

शेवटी मी गस्तीचा खर्च देखभालीच्या गटात, लेनच्या पट्ट्या रंगवणे आणि कमानींची वीज यांच्या ओळीत नेऊन ठेवला. पट्टे रंगवून किती उत्पन्न झाले असे कोणी विचारत नाही. वरिष्ठांनी ते मान्य केले, पण जमेच्या बाजूची माझी ओळ मी खोडायला निघाले तेव्हा त्यांनी थांबवले. ती राहू दे, म्हणाल्या. नाहीतर दोन वर्षांनी कोणी नवे येईल आणि तीच ओळ पुन्हा घालेल. म्हणून आमच्या अंदाजपत्रकात आजही 'कारपूल नियमभंगाचा दंड' हे लेखाशीर्ष आहे आणि त्यापुढे दरवर्षी मी ० लिहिते. गेल्या वर्षी रुजू झालेल्या एका मुलाने तो शून्य टंकलेखनाची चूक समजून मला निरोप पाठवला. मी त्याचे नाव पुढच्या पहाटेच्या पाळीसाठी कळवले आहे.