आधी कॅरावॅन, मग गाडी

शेजारच्या इंग्रज आजोबांनी त्यांची कॅरावॅन, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर, विकायला काढली, तेव्हा ती ओढायची कशाने हा प्रश्न आम्हा नवरा-बायकोपैकी एकालाही पडला नाही. इंग्लंडमधल्या रेडिंगमध्ये दहा वर्षं काढून एवढं मात्र कळलं होतं, की शाळेला सुट्टी लागली की समुद्राकाठची हॉटेलं आमच्यासारख्या चौघांसाठी नसतात. २०११ सालची, चौघं झोपतील अशी, आतून लख्ख कॅरावॅन. वर आजोबा म्हणाले, गाडीची सोय होईपर्यंत राहू दे माझ्याच दारात. पैसे देऊन टाकले. घरी येऊन आमच्या छोट्या हायब्रिडचं हँडबुक उघडलं. ओढायच्या वजनाच्या रकान्यात शून्य.

रात्री फलटणला फोन केला तर आबा तिकडून हसतच सुटले. "आरं, बैल बघून गाडी भरत्यात. तू भरल्याली गाडी घिऊन बैल हुडकाय निघालायस व्हय?" आबांनी उसाच्या गाड्या हाकल्यात, नंतर ट्रॅक्टर-ट्रॉली चालवलीय. पुढचे दोन महिने इंटरनेटवरच्या व्हिडिओंपेक्षा त्यांचंच जास्त कामाला आलं.

हे २०२३च्या वसंतातलं. लायसन्सची काळजी नव्हती. १९९७ नंतर परीक्षा पास झालेल्यांना मोठी कॅरावॅन ओढायला पूर्वी वेगळी टेस्ट द्यावी लागायची, ती अट १६ डिसेंबर २०२१पासून गेली. आता साध्या कार लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंत ओढता येतं. म्हणजे आयुष्यात कधी काही न ओढलेला माझ्यासारखा माणूसही उद्या सकाळी मोटरवेवर कॅरावॅन घेऊन जाऊ शकतो. हे बरं की वाईट, यावर बायकोचं मत वेगळं आहे.

कॅरावॅनच्या दाराशेजारी एक पट्टी असते. आमच्या पट्टीवर सगळं सामान भरून जास्तीत जास्त वजन १,४०० किलो. इथले कॅरावॅन क्लब नवशिक्यांना सांगतात, भरलेल्या कॅरावॅनचं वजन गाडीच्या कर्ब वेटच्या, म्हणजे तिच्या स्वतःच्या रिकाम्या वजनाच्या, ८५ टक्क्यांच्या आत ठेवा. हा कायदा नाही, सल्ला आहे. पण हिशेब मुद्दाम कडक ठेवलेला: कॅरावॅन तिच्या सर्वांत जड अवस्थेत धरायची आणि गाडी सर्वांत हलक्या. १,४०० भागिले ०.८५, म्हणजे साधारण १,६५० किलोची गाडी हवी. हा आकडा मी फ्रिजवर चिकटवला.

डिझेलच घ्यायची हे ठरलेलं होतं, कारण चढावर कमी आरपीएमला जो जोर लागतो तो त्या बजेटात डिझेलमध्येच सापडत होता. पण यूलेझ, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरचा लंडनचा रोजचा आकार, त्या ऑगस्टपासून शहराच्या सगळ्या विभागांत लागू होणार होता. धुराच्या युरो ६ मानकात न बसणारी डिझेल गाडी घेऊन हॅरोला मित्राकडे जेवायला गेलं की दिवसाचे साडेबारा पौंड. सप्टेंबर २०१५नंतरच्या नव्या डिझेल गाड्या युरो ६च्या असतात, म्हणून शोध तिथूनच सुरू केला. दुसरी भीती डीपीएफची, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची. नुसत्या शाळा-दुकानाच्या फेऱ्या मारल्या तर तो फिल्टर तुंबतो. बायको रोज एम-फोरवरून न्यूबरीला जाते, तेव्हा तो प्रश्न तिच्या नोकरीनेच सोडवला.

पहिली गाडी स्लाउला पाहिली. देखणी, लांबलचक इस्टेट, म्हणजे छत थेट मागपर्यंत नेलेली मोठ्या डिकीची गाडी, डिकीत मुलांच्या सायकली उभ्या मावतील एवढी जागा. बायकोला तिथल्या तिथे आवडली. विकणारा म्हणाला, "दोन हजार किलो ओढते, तुमची चौदाशेची काय चीज आहे!" खोटं नव्हतं ते. गाडीच्या व्हीआयएन प्लेटवर, म्हणजे ओळख-क्रमांकाच्या पट्टीवर, वजनाचे चार आकडे असतात: पहिला भरलेल्या गाडीचा, दुसरा गाडी अधिक ट्रेलर मिळून, उरलेले दोन पुढच्या-मागच्या आसांचे. दुसऱ्यातून पहिला वजा केला की ओढायची मर्यादा मिळते. ती दोन हजारच निघाली. पण ही मर्यादा कशी ठरते ते मी तोवर वाचलं होतं: १२ टक्के चढावर थांबलेली गाडी भार घेऊन पुन्हा सुटली पाहिजे. म्हणजे इंजिन-क्लचची ताकद कळली. मोटरवेवर वेगात जाताना बाजूने लॉरी सूंकन गेली आणि कॅरावॅन हलायला लागली, तर पुढची गाडी तिला धरून ठेवेल की तिच्यामागे फरफटेल, याचं उत्तर त्यात नाही. ते गाडीच्या स्वतःच्या वजनात आहे. ही इस्टेट होती १,५२० किलोची. प्रमाण ९२ टक्के. अनुभवी माणूस घेईलही. मी सोडली. घरी येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही.

दुसरी गाडी सोफ्यावर बसूनच बाद झाली. इथे सरकारी संकेतस्थळावर नुसता नंबर टाकला की गाडीच्या सगळ्या एमओटी, म्हणजे वार्षिक तपासण्या, फुकट दिसतात: मायलेज, नापास झाल्याची कारणं, 'पुढे लक्ष ठेवा' अशा सूचना. या गाडीचं मायलेज एका वर्षी ७१,००० होतं आणि पुढच्या वर्षी ५४,०००. वय उलटं जाणारी गाडी मला नको होती.

तिसरीच्या वेळी मी शहाणा झालो होतो, निदान तसं वाटत होतं. फोनवर सांगून ठेवलं, इंजिन गार असतानाच बघणार. गेलो आणि बॉनेटवर हात ठेवला तर गरम. "आत्ताच दुकानात जाऊन आलो." बरं. चालवायला घेतली. वरचा गिअर, कमी वेग, आणि एकदम ॲक्सिलरेटर दाबला. आरपीएमचा काटा उडाला, गाडीचा वेग तिथेच. क्लच घसरत होता. बंद करताना खालून खडखड आली ती बहुतेक ड्युअल मास फ्लायव्हीलची, म्हणजे इंजिनाचे हादरे शोषणाऱ्या जड चाकाची. दोन्ही बदलायचे म्हणजे हजार पौंडांच्या पुढचं काम, आणि जड ओझं ओढणाऱ्या गाडीचा जीव तिथेच असतो. विकणाऱ्याचा चहा पिऊन निघालो.

शेवटी मिळाली ती हेरफर्डजवळच्या एका निवृत्त जोडप्याकडे: २०१७ची किया सोरेंटो, २.२ डिझेल, मॅन्युअल. ऑफिसातले दोघं-तिघं बजावत होते, टोबार, म्हणजे ट्रेलर जोडायची मागची दांडी, असलेली गाडी घेऊ नकोस, तिनं आयुष्यभर हमाली केलेली असते. मला ते पटलं नाही. न ओढलेली गाडी घेऊन स्वस्तातला टोबार आणि कसंतरी वायरिंग करून घेण्यापेक्षा, नीट ओढलेली आणि नीट राखलेली बरी. या काकांकडे सर्व्हिसच्या पावत्या, टोबार बसवल्याची पावती, अगदी टायर कधी बदलले तेही एका वहीत. टोबार मान्यताप्राप्त, काढता-घालता येणारा, सॉकेट १३ पिनचं, म्हणजे आमच्या कॅरावॅनला अडॅप्टरही नको. लॉगबुकात, म्हणजे इथल्या आरसी बुकात, ब्रेकवाल्या ट्रेलरचा आकडा वेगळा छापलेला असतो, तो पाहिला. त्याच मॉडेलच्या ऑटोमॅटिकची मर्यादा मॅन्युअलपेक्षा कमी आहे, त्यामुळे जाहिरातीतल्या नावावर जायचं नाही, समोर उभ्या गाडीचा कागद बघायचा. वजन १,९०० किलोच्या आसपास. प्रमाण ७४ टक्के. काही पौंड भरून कर्ज आणि अपघाताची चौकशी केली, ती कोरी निघाली. कियाची सात वर्षांची वॉरंटी गाडीबरोबर नव्या मालकाकडे येते, तिचं एक वर्ष उरलं होतं. बायको म्हणाली, "रणगाडा आहे." तरी घेतली. इन्शुरन्सवाल्यांना टोबारचं कळवलं, बाहेरचे रुंद आरसे घेतले, कारण कॅरावॅन गाडीपेक्षा रुंद असेल तर ते लागतातच.

निघायच्या आदल्या दिवशी नोजवेट मोजलं, म्हणजे कॅरावॅनचं नाक गाडीच्या हुकवर किती भार टाकतं ते. बाथरूममधला वजनकाटा, त्यावर लाकडाचा ठोकळा, त्यावर कॅरावॅनचं नाक. ४० किलो. भरलेल्या वजनाच्या पाच ते सात टक्के हवं, म्हणजे ७० ते ९८. आणि गाडी, टोबार, कॅरावॅनचा हुक या तिघांत ज्याची मर्यादा सर्वांत कमी, तिच्या वर जायचं नाही. आमची १०० होती. आबांना व्हिडिओवर दाखवलं. त्यांनी विचारलं, "मागं काय भरलंयस?" सायकली आणि तंबू. "मग उलाळ झालीया ती. मागं जड झालं की जू वर उचलतंय, बैलाच्या गळ्याला फास बसतोय. चाकावर आण समदं." तंबू चाकांच्या वर सरकवला, सायकली गाडीत घेतल्या. काटा ८८वर आला. उलाळ हा शब्द मी चाळीस वर्षांत दुसऱ्यांदा ऐकला असेन. इथली पुस्तकं तेच सांगायला चार पानं घेतात: नाक हलकं झालं की शेपूट डोलायला लागते, आणि डोललीच तर ब्रेक मारू नका, स्टेअरिंगशी झटापट करू नका, पाय ॲक्सिलरेटरवरून हळूच काढा.

दुसऱ्या दिवशी एम-फोरने वेल्सकडे. सेव्हर्नवरच्या पुलावर वारा कॅरावॅनला आडवा लागला. मागे काहीतरी आहे हे पाठीला कळलं, पण गाडी रेषेवरून हलली नाही. एक लॉरी आम्हाला ओलांडून गेली, तेव्हा धाकटी सोडून सगळ्यांचे श्वास अडकले होते. डिझेलचं मात्र विचारू नका.

कॅम्पसाइटवर जागा मिळाली ती कोपऱ्यातली, रिव्हर्स घेऊन लावायची. स्टेअरिंग उजवीकडे फिरवलं की कॅरावॅन डावीकडे. अर्धा तास गेला. आबांना फोन लावला, ते तिकडून ट्रॉली मागं घेताना द्यायच्या तशा सूचना देऊ लागले, मी उजवं-डावं चुकत राहिलो. शेवटी बाजूचे चौघं जण हातातले कप खाली ठेवून आले, हुक सोडला, आणि सगळ्यांनी मिळून कॅरावॅन हातांनी ढकलून जागेवर लावली. आबा फोनवरून विचारत होते, "लागली का रं?"