साखर बरोबर आहे का?

ऋषीची भाजी अंमळ जास्तच झाली होती. दुपारी सोप्यात आडवा पडलो, पण झोप येईना. डोळे चुरचुरत होते. आदल्या रात्री, म्हणजे २०२५च्या ऐन गणेश चतुर्थीच्या रात्री, साडेबारापासून पार तीनपर्यंत मी मोबाइल धरून बसलो होतो आणि माझी लाडकी फुटबॉल टीम मँचेस्टर युनायटेड ग्रिम्सबीकडून हरली होती. ग्रिम्सबी म्हणजे इंग्लंडातल्या चौथ्या श्रेणीतला संघ. लीग कपची मॅच. आधी दोन गोल खाल्ले, शेवटच्या पंधरा मिनिटांत दोन फेडले, मग पेनल्ट्या. गोलकीपरसकट सगळ्यांच्या मारून झाल्या, रांग पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली आणि आमच्या एम्बुमोनं बारला मारली. १२-११. तिकडचे लोक हवा भरलेले प्लास्टिकचे मासे नाचवत मैदानात शिरले आणि मी पांघरूण डोक्यावर ओढलं. शेजारच्या खोलीत गणपती बसलेला, त्यामुळे शिव्यासुद्धा मनातल्या मनात.

आई चहा घेऊन आली आणि माझ्या डोक्याकडे बघत म्हणाली, "केस कापून घे की रे. काल पूजेला बसलास तर नुसते डोळ्यांत येत होते."

मी तिला इंग्लंडातल्या त्या माणसाची गोष्ट सांगितली. युनायटेड सलग पाच मॅच जिंकल्याशिवाय कात्री लावणार नाही, असं तो ऑक्टोबर २०२४मध्ये म्हणाला. ऑगस्ट २०२५ उजाडला तरी पाच काही झाल्या नव्हत्या आणि त्याच्या डोक्याचं झुडूप झालं होतं.

"नवस बोललाय होय?"

"तसंच काहीतरी."

"मग पाच कशाला बोलायचं? दोन बोलायचं."

आईला फुटबॉलमधलं काही कळत नाही, असा आमच्या घरात समज आहे.

कॉटवरून अण्णांचा आवाज आला, "त्या कोचला घालवला का?"

"अजून नाही."

"मग कधी घालवणार?"

रात्री तीन वाजता माझं मतही हेच होतं. भर पावसात आमचा कोच अमोरिम डगआउटमध्ये वाकून बसलेला, हातात पाटी, पाटीवरचे खेळाडूंच्या जागा दाखवणारे लोहचुंबक इकडून तिकडे सरकवतोय. लग्नात पाहुणे जास्त झाले की पंगतीचा हिशेब करणाऱ्या मुलीच्या काकाचं तोंड असं होतं. मग आठवलं, हा आला तेव्हा मीच म्हणालो होतो, आता मिळाला खरा माणूस. त्याच्या आधीच्या टेन हागच्या वेळीही हेच म्हणालो होतो. मॉरिन्होच्या वेळी तर पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. व्हॅन गालनं शनिवारी एफए कप जिंकला आणि सोमवारी त्याला नारळ मिळाला, तेव्हा मी "बरं झालं" म्हणालो. आमचा जुना कोच फर्ग्युसन, त्यानं मे २०१३मध्ये निरोप घेताना मैदानातून सगळ्यांना बजावलं होतं की आता नव्या माणसाच्या पाठीशी उभं राहायचं. पुढच्या मार्चमध्ये लोकांनी वर्गणी काढून त्याच नव्या माणसाविरुद्धचा, म्हणजे मोयेसविरुद्धचा फलक बांधलेलं विमान ओल्ड ट्रॅफर्डवरून फिरवलं. त्या दिवशी युनायटेड ४-१ जिंकली, ही त्यातली गंमत. वर्गणी काढून माणूस घालवायचा, हे मात्र मला आमच्या कोल्हापुरातल्या पेठेतलंच वाटलं होतं.

खरं तर मी दीड वाजताच झोपायला हवं होतं. पण १९९९मध्ये युनायटेडच्या बार्सिलोनातल्या फायनलला नव्वद मिनिटं होत आली, बायर्न एक गोलनं पुढे, आणि अण्णांनी टीव्ही बंद केला. "संपलं आता. गुमान झोप." शेरिंगहॅम आणि सोल्शायरनं पुढच्या दोन-तीन मिनिटांत दोन गोल मारून कप काढला, ते मला सकाळी गल्लीत कळलं. तेव्हापासून शिट्टी झाल्याशिवाय मी उठत नाही. अण्णांना या विषयावर बोललेलं आवडत नाही.

मॅनेजरांना काय वाटेल ते बोला. मॅग्वायरला मात्र कुणी बोललं की माझं डोकं फिरतं. २०१९मध्ये आठ कोटी पौंडांना आणला, तेव्हाचा जगातला सगळ्यात महागडा डिफेंडर. ती किंमत त्यानं थोडीच ठरवली होती? पण पुढची चार वर्षं जो तो त्याच्या अंगावर. घानाच्या संसदेत एका खासदारानं सरकारचा कारभार किती वाईट आहे हे सांगायला मॅग्वायरचं उदाहरण दिलं! वर्षभरानं त्याच खासदारानं भर संसदेत त्याची माफी मागितली. कॅप्टनपद काढून घेतलं तरी हा रुसून गेला नाही. २०२५च्या एप्रिलमध्ये फ्रान्सच्या लियॉंविरुद्ध सगळं हातातून गेलेलं असताना त्याला पुढे पिटाळलं आणि १२१व्या मिनिटाला यानं हेडर मारून मॅच काढली. काल ग्रिम्सबीविरुद्ध बरोबरी केली तीही यानंच, ८९व्या मिनिटाला.

आमच्या पेठेच्या संघातही असाच एक बॅक होता. उंच, वळायला मंद, बॉल आला की आधी भिरकावणार आणि मग बघणार. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. अण्णा मला शाहू स्टेडियमवर न्यायचे. हातात शेंगदाण्याची पुडी, समोर धूळ आणि हलगी. अण्णा बँकेत कॅशियर. घरात आवाज चढवायचे नाहीत, धाकट्या भाऊबंदांनाही अहो-जाहो. पण स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसले की वेगळेच. त्या दिवशी या बॅकच्या पायाखालून बॉल गेला, आमच्यावर गोल झाला आणि अण्णा उठून उभे राहिले. काय म्हणाले ते लिहिता येणार नाही. त्यात त्याची आई होती, त्याची उंची होती आणि एक म्हैस होती. मला तर अभिमानच वाटला. माझ्या वडिलांना एवढ्या शिव्या येतात हे शाळेत सांगायला मिळणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरातली लाइट गेली. तक्रार दिली, तासाभरात वायरमन आला. दारात तोच उभा. हातात पक्कड, गुडघ्याला पट्टी, किंचित लंगडत. त्यानं मीटरचा फ्यूज काढला, तार बदलली, दहा मिनिटांत पंखा फिरायला लागला. आईनं त्याला चहा दिला. तो स्टुलावर बसला आणि कपाकडे बघत म्हणाला,

"काका, काल तुमचा आवाज लई लांबपतुर येत हुता."

पंख्याचा कुरकुर आवाज तेवढा घरात. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"साखर बरोबर आहे का?" त्यांनी विचारलं.

"हाय की."

तो गेल्यावर अण्णा बराच वेळ मीटरकडे बघत बसले. पुढच्या रविवारी आम्ही परत गेलो. हाच बॅक परत चुकला. अण्णा उठले, तोंड उघडलं, इकडेतिकडे पाहिलं आणि रेफ्रीला झाडायला सुरुवात केली. रेफ्री बहुधा दुसऱ्या पेठेतला असावा.

हे मी आज अण्णांना सांगितलं असतं, पण त्यांचा डोळा लागला होता. मॅग्वायर काही आमच्याकडे फ्यूज बसवायला येणार नाही. अमोरिमही नाही. तरी पाटीवरचे ते लोहचुंबक काही केल्या डोळ्यांसमोरून जाईनात. नक्की कुठे ठेवायचं होतं त्याला मॅग्वायरला?

शनिवारी बर्नलीशी मॅच होती. आपल्याकडचे साडेसात, म्हणजे बरोबर आरतीची वेळ.

"अण्णा, परवा आरती जरा पावणेसातला घ्यायची का?"

अण्णांनी डोळे न उघडताच सांगितलं, "आईला विचार."