टाकीपुरता मासा

डिसेंबरातली सकाळ, सहा वीस. अनोळखी नंबर होता. उचलला तर एका आजींचा आवाज. "अरे, आमचा वाघ्या तोंड वर करून उभा राहिलाय. आणि घरात लाईट नाहीत."

वाघ्या म्हणजे कुत्रा समजून मी "राँग नंबर" म्हणणारच होतो. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "टाकीच्या काचेवर तुझ्या दुकानाचं स्टिकर आहे, त्यावरून लावला फोन."

दुकान बंद करून मला दोन वर्षं झाली होती. आता कोथरूड, वारजे, बावधन या पट्ट्यात लोकांच्या घरच्या माशांच्या टाक्या सांभाळतो. पाणी बदलायचं, फिल्टर धुवायचा, काच घासायची. आजींचं घर माझ्या यादीत नव्हतं.

"लाईट बिल्डिंगचे गेलेत की तुमचेच?"

"आमचेच. वीज गळली की पडतो ना, तो ईएलसीबीचा खटका मुलगा वर करतोय, तो परत खाली पडतोय."

"टाकीत हीटर आहे?"

"आहे की. थंडी पडली ना."

माझी झोप उडाली. "कुणीही पाण्यात हात घालू नका. पायात चप्पल घाला, हात कोरडे करा आणि टाकीचे सगळे प्लग काढा. मग खटका वर करा." मिनिटभरात पलीकडून "आले, आले!" असा मुलाचा आवाज आला. दिवे आले, पण पाण्यातलं काहीही परत सुरू करू द्यायची माझी तयारी नव्हती. हवेचा वेगळा पंप त्यांच्याकडे नव्हता. मग म्हटलं, प्लॅस्टिकच्या मगानं टाकीतलंच पाणी उचला आणि हातभर उंचीवरून परत ओतत राहा. मी पोचेपर्यंत थांबू नका.

मी पोचलो तेव्हा आजी स्टुलावर उभ्या राहून ओतत होत्या. सून खाली टॉवेल घेऊन उभी. मुलगा म्हणाला, "ओतायची ही तिसरी पाळी आईची, खाली उतरतच नाहीये."

टाकी तीन फूट बाय दीड बाय दीड. आत जॅग्वार. मध्य अमेरिकेतला, सिक्लिड कुळातला मासा, निकाराग्वा देशातल्या मानाग्वा तळ्यावरून ज्याला शास्त्रीय नाव पडलंय तो. पिल्लू असताना अंगावर उभे पट्टे असतात, मोठा होताना ते तुटत जाऊन काळे ठिपके होतात. मी पट्टी लावली नाही, पण तेरा इंच नक्की. दीड फूट रुंदीच्या टाकीत तेरा इंचाचा मासा वळतो कसा, हे बघण्यासारखं असतं. शेपटी मागच्या काचेला घासत, अंग वाकवून, बोळात अडकलेल्या टेम्पोसारखा मागेपुढे करत तो वळतो.

त्या वेळी मात्र तो वळतही नव्हता. पृष्ठभागाला तोंड लावून भराभर कल्ले हलवत होता. पाण्याचं तापमान 23. एरवी 27 ठेवत होते म्हणे.

काय झालं ते दहा मिनिटांत कळलं. हीटरची काचेची नळी मधोमध फुटलेली, तुकडे वाळूत. दिव्याचं पत्र्याचं झाकण एका बाजूनं घसरून कड पाण्यात बुडालेली. या जातीचे मोठे मासे टाकीतली वस्तू ढकलतात, उचकटतात, वाळू तोंडात घेऊन दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन थुंकतात. हीटर तर त्यांचा ठरलेला शत्रू. यानं तो आपटून फोडला आणि त्याच धडपडीत वर उसळून झाकणही पाडलं. झाकणाला अर्थिंग होतं. हीटरची वीज पाण्यातून तिकडे गेली आणि खटका पडला. रात्री एकच्या सुमाराला जर्मनीतल्या नातवाशी चाललेला व्हिडिओ कॉल तुटला होता. घरच्यांना वाटलं, लाईट गेले, येतील सकाळी. झोपले. तिकडे फिल्टर पाच तास बंद.

"काल दुपारी मला हाताला मुंग्या आल्या होत्या," आजी सहज बोलल्या. "त्याला कोळंबी देताना. मला वाटलं, बी-ट्वेल्व्ह कमी झालं असेल."

फरशी नुकतीच पुसलेली होती का, एवढंच मी विचारलं. त्या हो म्हणाल्या. हीटरला आदल्या दिवशीच तडा गेलेला असणार, आणि तेव्हा झाकण जागेवर होतं. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून पाण्यात बोटं बुडवणारी माणसं सोडली, तर विजेला जमिनीत उतरायला दुसरी वाट नव्हती. मुलाला कळलं. तो खुर्चीवर बसला. आजींना बहुतेक कळलंच नाही, किंवा त्यांनी तसं दाखवलं नाही.

एक सांगून ठेवतो, माशाशी संबंध नसला तरी. टाकीत हात घालण्याआधी सगळे प्लग काढायचे. रोज. कंटाळा आला तरी.

बंद पडलेला फिल्टर तसाच पुन्हा सुरू करत नाहीत. आत साचलेलं पाणी हवेवाचून नासतं आणि बटण दाबलं की ती सगळी घाण टाकीत येते. मी ते पाणी मोरीत ओतलं आणि स्पंज टाकीतल्याच पाण्यात पिळून काढला. नळाखाली धुतला असता तर क्लोरीननं त्यातले जिवाणू मेले असते. माशाचा अमोनिया तेच पचवतात. माझा बॅटरीचा पंप लावला. अर्ध्या तासात वाघ्या हातभर खाली गेला. हे मासे मूळचे गढूळ, कोमट, कमी ऑक्सिजनच्या पाण्यातही टिकणारे. इतर एखादा मासा पहाटेच उलटा झाला असता.

मग आजींनी स्टीलचा चमचा काचेवर दोनदा वाजवला, टिक टिक. वाघ्याचा डोळा वळला, बाकी अंग नाही.

"ओळखतो तो," त्या म्हणाल्या. हे घर शाकाहारी, अंड्याचंसुद्धा नाव नाही. तरी फ्रीजच्या वर जुना छोटा डीप फ्रीझर, त्यात फक्त कोळंबी, आणि तिला वेगळी विळी. "त्याचा धर्म त्याला, माझा मला," आजी म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या.

चहा पिताना मी विचारलं, हा घेतला कधी, कुठून?

"तुझ्याकडूनच. नातू अकरावीत होता. चार वर्षं झाली."

तेव्हा मला तो मुलगा आठवला. चष्मा, पाठीला सॅक. प्लॅस्टिकच्या पिशवीत दीड इंचाचं पिल्लू. त्यानं सरळ प्रश्न विचारला होता, हा किती मोठा होतो? आणि मी ठरलेलं उत्तर दिलं होतं, "मासा टाकीपुरताच वाढतो." दुकानात हे वाक्य मी शेकडो वेळा बोललो असेन. माझ्या उस्तादाकडून ते माझ्याकडे आलं होतं, त्याच्याकडे कुठून आलं देव जाणे. गिऱ्हाईक त्यानं निश्चिंत होतं आणि टाकीही विकली जाते. खरं असं की लहान टाकीत, घाण पाण्यात मासा खुरटतो, आजारी पडतो आणि बहुतेक वेळा लवकर मरतो. तो मेला की वाक्य खरं ठरल्यासारखं वाटतं. वाघ्या मेला नव्हता, कारण आजी दर चार दिवसांनी निम्मं पाणी बदलत होत्या. त्याच्याबरोबर घेतलेले चार गोल्डफिश मात्र पहिल्या वर्षातच दिसेनासे झाले. ते कुठे गेले हे घरात कुणी कधी मोठ्यानं बोललं नाही.

मी आजींना तिथेच सांगितलं, माझं चुकलं. मी खोटं बोललो होतो.

"तू खोटं बोललास, आणि आम्ही पुढे विचारायचं सोडून दिलं," त्या म्हणाल्या. "आता सांग, याला किती जागा लागते?"

सहा बाय दोन बाय दोन, निदान. म्हणजे पावणेसातशे किलो नुसतं पाणी, वर काच, वाळू, स्टँड. चौथा मजला, जुनी बिल्डिंग. मुलानं नुसती मान हलवली.

एव्हाना नातू फोनवर आला होता. तिकडे पहाट. त्यानं काळजीनंच सुचवलं, "काका, पाषाण तलावात सोडून दिलं तर? मोकळा तरी राहील."

मी त्याला चिलापीचं सांगितलं. ती या वाघ्याचीच भाऊबंद, आफ्रिकेतली. 1952 साली भारतात आणली, आज उजनीच्या जाळ्यात भरभरून येते. आपले देशी सिक्लिड तीनच, त्यातली गोव्याची काळुंदर खाणाऱ्यांना ठाऊक असते. परक्या पाण्यातला मासा इथल्या तळ्यात सोडणं म्हणजे मोकळं करणं नव्हे. वाघ्यासारखा दुसरा कुणी आधीच सोडून गेला असेल आणि जोडी जमली, तर हजारो अंडी, आणि पिल्लांवर आईबाप दोघांचा पहारा. नातू गप्प झाला. मग म्हणाला, "तुमच्याकडे आहे का मोठी टाकी?"

माझ्या गाळ्यात एक होती, सहा फुटी, गिऱ्हाईकानं ऑर्डर देऊन न नेलेली. मी अजून काही बोललो नव्हतो, पण आजींनी ताट पुसायचं थांबवलं होतं.

पकडणं हा भाग लोकांना अवघड वाटतो, त्यात विशेष काही नाही. जाळी वापरायची नाही, पाठीचे काटे अडकतात. पाणी निम्मं उतरवायचं, खोलीत अंधार करायचा आणि आडव्या बादलीत हळूच ढकलायचं. त्यानं जाता जाता माझ्या अंगठ्याचा चावा घेतलाच. साठ लिटरचा निळा ड्रम, तीन भाग त्याच्याच टाकीचं पाणी, तोंडाला कापड, वर बॅटरीचा पंप. लिफ्टमध्ये ड्रम, मी आणि आजी. खालपर्यंत येते म्हणाल्या. त्यांनी ड्रमवर हात ठेवला होता, आतून अंग आपटलं की उचलायच्या, परत ठेवायच्या.

गाडीशी त्यांनी कोळंबीची पिशवी माझ्या हातात दिली. "घेऊन जा. आमच्याकडे आता कोण खाणार?" मग पैशांचं विचारलं. पिल्लू दीडशेला विकलं होतं हे आठवून मी काही सांगू शकलो नाही. त्यांनी खिशात दोनशेची नोट कोंबली.

दोन दिवस वाघ्यानं काही खाल्लं नाही. सहा फुटांच्या टाकीत एका कोपऱ्यात, पूर्वीच्या टाकीएवढ्याच जागेत उभा. कोळंबी चिमट्यानं नाकासमोर धरली तरी तोंड फिरवायचा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आजींचा फोन.

"जेवला का?"

"नाही अजून."

"कशानं देतोस?"

"चिमट्यानं."

"अरे, चमचा वाजव ना आधी. दोनदा. स्टीलचा घे."

गाळ्यात चमचा नव्हता. शेजारच्या अमृततुल्यवाल्याकडून मागून आणला.