गळ्यावरचा व्रण आणि लेझर

थायरॉईडची गाठ काढली, रिपोर्ट चांगला आला आणि घरच्यांसाठी विषय संपला. माझ्या गळ्यावर मात्र आडवा, लालभडक, जाडसर व्रण राहिला. त्याला खाज सुटायची, मंगळसूत्र नेमकं त्यावरच घासायचं, आणि लिफ्टमध्ये कुणीही अनोळखी बाई विचारायची, "ऑपरेशन का हो?"

त्वचारोगतज्ज्ञांनी व्रण बोटाने दाबून पाहिला. लाली क्षणभर गेली, परत आली. म्हणाल्या, "हा केलॉइड नाही, चिरेच्या बाहेर पसरलेला नाही. लाली रक्तवाहिन्यांची आहे, त्यावर लेझर चालेल." त्यांनी सुचवला पल्स्ड डाय लेझर, ५९५ नॅनोमीटर तरंगलांबीचा. हा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं, त्या उष्णतेने बारीक वाहिन्या बंद होतात आणि आजूबाजूची त्वचा बरीचशी वाचते. अँडरसन आणि पॅरिश यांनी १९८३ मध्ये मांडलेलं हे तत्त्व.

गोम पुढे आहे. आपल्या सावळ्या त्वचेतलं मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्यही, तोच प्रकाश खातं. जोर जास्त झाला तर लाल जाऊन काळा डाग पदरात! म्हणून आधी एका टोकाला चाचणी, मग कमी ऊर्जेवर आणि काही आठवड्यांच्या अंतराने सिटिंग. इंटरनेटवरचे गोऱ्या गळ्यांचे फोटो मी त्या दिवसापासून बघणं सोडलं.

डोळ्यांवर जाड गॉगल, थंड फवारा, आणि रबर ताणून सोडल्यासारखा चटका. काही मिनिटांत काम संपतं. पुढचा आठवडाभर मात्र गळा काळानिळा. सासूबाई म्हणाल्या, "पैसे देऊन मार खाल्लास की गं!" त्यात विमा कंपनीने 'कॉस्मेटिक' म्हणून हात वर केलेले, त्यामुळे मलाही हसू आवरेना.

खरी चिकाटी लागली ती घरी. सिलिकॉनची पट्टी दिवसाचे बारा तास, सनस्क्रीन पुन्हा पुन्हा, बाहेर पडताना सुती ओढणी. पार्लरमधल्या लाल एलईडी मास्कच्या वाटेला मी गेले नाही. तो प्रकाश वाहिन्या बंद करत नाही, आणि व्रणाबद्दलचे तिथले दावे मला पटले नाहीत.

किती श्रेय लेझरचं आणि किती काळाचं, हे सांगणं कठीण. व्रण वर्षभरात आपणहूनही निवळतो. खाज थांबली, लालीच्या जागी फिकट तपकिरी रेघ आली. डावं टोक अजून कडक आहे. तिथे स्टिरॉइडचं इंजेक्शन देऊ म्हणतात. दिवाळीनंतर बघू, असं सांगून आलेय.