कोरं बोट

"मत दिलंस ना? मग बोट दाखव," आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली. दाखवलं. कोरं करकरीत. इकडे शाई लावतच नाहीत म्हटल्यावर तिला माझं मतदानच खोटं वाटायला लागलं.

मी राहतो तो नॉर्थ श्रॉपशायर मतदारसंघ इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सला खेटून. ऑस्वेस्ट्री, व्हिटचर्च, मार्केट ड्रेटन अशी बाजाराची गावं. बाकी गाईंची कुरणं. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक इथे रीतसर राहत असेल तर त्याला मत देता येतं. त्यामुळे 4 जुलै 2024 ला मी चक्क भारतीय पासपोर्ट दाखवून ब्रिटनचा खासदार निवडायला गेलो.

केंद्र गावाच्या हॉलमध्ये. बाहेर दोन कुत्री बांधलेली, आत रांग नाही, पोलीस नाही. हातात कागद आला. आडोशाला दोरीने बांधलेली पेन्सिल. फुली मारायची, घडी घालायची, पेटीत टाकायची. पेन्सिल! खोडली तर? पण ही शंका माझ्याशिवाय कुणालाच पडलेली दिसली नाही. (स्वतःचं पेन नेलेलं चालतं, हे नंतर कळलं.)

इथलं माझं पहिलं मतदान 16 डिसेंबर 2021 च्या पोटनिवडणुकीतलं. तेव्हा ओळखपत्रही मागत नसत. नाव-पत्ता सांगितला की झालं. लॉबिंगच्या, म्हणजे पैसे घेऊन कंपन्यांसाठी शब्द टाकण्याच्या, प्रकरणात इथले खासदार ओवेन पॅटरसन यांनी राजीनामा दिला होता. त्यांच्या हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाचा हा बालेकिल्ला, 2019 मधलं मताधिक्य 22,949. दगड उभा केला तरी निवडून येईल, असं आपल्याकडे म्हणतात तशातली जागा. प्रचारात मात्र विषय निघाला रुग्णवाहिकेचा: फोन केल्यावर ती किती तासांनी येते? मतं हातानं मोजतात, निकालाला पहाट झाली. लिबरल डेमोक्रॅट हेलन मॉर्गन 5,925 मतांनी आल्या. हरलेल्या हुजूर उमेदवाराचं आडनाव शास्त्री-हर्स्ट, म्हणून आईनेही बातमी लक्ष देऊन ऐकली.

आमच्या माढा लोकसभेत जवळपास वीस लाख मतदार. इथे एका खासदारामागे सत्तर-पंचाहत्तर हजार. म्हणून भेट मिळते. त्या भेटीला इथे 'सर्जरी' म्हणतात. पहिल्यांदा ते वाचून मला वाटलं, मॉर्गन बाई डॉक्टर आहेत. निघाल्या चार्टर्ड अकाउंटंट.